लॅपटॉप आपोआप ‘टॅबलेट मोड’मध्ये जातोय? फॉरमॅट मारण्याआधी हे एकदा वाचाच!

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातलं इस्लापूर. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पाहायला जाणाऱ्यांना हे नाव चांगलंच ओळखीचं आहे. नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, तालुक्याच्या दुसऱ्या बाजूला तेलंगण, आणि नांदेड शहर जवळपास शंभर किलोमीटरवर.

आता समजा, अशाच एखाद्या गावातल्या सेवा केंद्रात पीकविम्याच्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे. बाहेर सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक हातात घेऊन दहा-पंधरा शेतकरी थांबलेत. केंद्र चालवणारा मुलगा भराभर अर्ज भरतोय. तेवढ्यात कुणाला तरी स्क्रीन दाखवायला म्हणून तो लॅपटॉप थोडा उचलून वळवतो आणि स्क्रीनवरचं सगळंच बदलतं!

डेस्कटॉपवरच्या फाईली गायब. खालच्या पट्टीवरचे ओळखीचे आयकॉन गायब. जी विंडो उघडावी ती पूर्ण स्क्रीन व्यापून बसते. एवढ्यावर थांबलं तर ठीक, पण कधीकधी कीबोर्डची बटणं दाबली तरी एक अक्षर उमटत नाही.

मग सल्ले सुरू होतात. “व्हायरस शिरलाय बघा.” “डिस्प्ले गेला असेल.” “किनवटला न्या नाहीतर नांदेडला, फॉरमॅट मारून देतील.”

खरं तर लॅपटॉपला काहीही झालेलं नसतं. त्याचा फक्त एक गैरसमज झालेला असतो. आपण टेबलावर नसून कुणाच्या तरी हातात आहोत, आता आपण ‘टॅबलेट’ आहोत, असं त्याला वाटत असतं.

हा गैरसमज का होतो आणि तो कायमचा कसा बंद करायचा, हे समजून घेतलं तर बरीच धावपळ, पैसे आणि मुख्य म्हणजे तुमच्या फाईली वाचू शकतात.

टॅबलेट मोड म्हणजे नेमकं काय?

नेहमीचा कॉम्प्युटर माऊस आणि कीबोर्डसाठी बनवलेला असतो. माऊसचा बाण बारीक असतो, त्यामुळे छोटी बटणं आणि छोटे आयकॉन चालून जातात. बोट मात्र जाड असतं. बोटाने स्क्रीन वापरायची तर बटणं मोठी हवीत, दोन बटणांमध्ये अंतर हवं, आणि टायपिंगसाठी कीबोर्ड स्क्रीनवरच यायला हवा.

म्हणून ज्या लॅपटॉपची स्क्रीन मागे पूर्ण वळते किंवा कीबोर्डपासून सुटी होते, त्यांच्यासाठी विंडोजमध्ये दुसरा ‘अवतार’ दिला गेला. तोच टॅबलेट मोड.

विंडोज १० मध्ये हा मोड सुरू झाला की स्टार्ट मेन्यू पूर्ण स्क्रीनभर पसरतो, डेस्कटॉपवरचे आयकॉन दिसेनासे होतात, प्रत्येक प्रोग्रॅम पूर्ण स्क्रीनवर उघडतो आणि खालच्या पट्टीवर मोबाईलसारखं मागे जाण्याचं बाणाचं बटण येतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. डेस्कटॉपवरच्या फाईली ‘दिसत नाहीत’, त्या ‘डिलीट’ झालेल्या नसतात. मोड बंद केला की सगळं जिथल्या तिथे परत येतं.

ही भानगड आली कुठून?

बोटाने किंवा पेनने चालणारा कॉम्प्युटर ही कल्पना तशी जुनी आहे. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज एक्सपी टॅबलेट पीसी एडिशन’ २००२ मध्येच आणली होती. पण तेव्हाची यंत्रं जड आणि महाग होती. सामान्य माणसापर्यंत ती पोहोचलीच नाहीत.

२०१० मध्ये आयपॅड आला आणि चित्र बदललं. लोकांना स्क्रीनला हात लावून काम करण्याची सवय लागली. त्याला उत्तर म्हणून २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ बाजारात आलं. त्यात मोठमोठ्या रंगीत चौकोनांची स्टार्ट स्क्रीन होती आणि वर्षानुवर्षं डाव्या कोपऱ्यात असलेलं स्टार्ट बटण चक्क काढून टाकलं होतं! ज्यांच्याकडे टच स्क्रीन नव्हतीच, तेही या चौकोनांपुढे गोंधळून बसले. ओरड एवढी झाली की पुढच्याच वर्षी विंडोज ८.१ मध्ये ते बटण परत आणावं लागलं.

त्याच सुमारास स्क्रीन ३६० अंशात मागे वळणारे आणि कीबोर्डपासून सुटे होणारे लॅपटॉपही बाजारात आले. आता एकच यंत्र सकाळी लॅपटॉप आणि दुपारी टॅबलेट होऊ शकत होतं.

मग २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० मध्ये मधला मार्ग काढला गेला. डेस्कटॉप आपल्या जागी, टॅबलेट मोड आपल्या जागी, आणि गरजेप्रमाणे यंत्राने एकातून दुसऱ्यात जायचं. सुरुवातीला मोड बदलण्याआधी विंडोज तुम्हाला विचारायचं. ऑक्टोबर २०२० च्या अपडेटपासून मात्र अशा दुहेरी लॅपटॉपमध्ये न विचारता बदल करणं हीच मूळ सेटिंग झाली. ‘माझा लॅपटॉप आपोआप बदलतो’ या तक्रारीचं एक मोठं कारण इथे आहे.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ मध्ये टॅबलेट मोडचं वेगळं बटणच काढून टाकलं गेलं. आता सगळा निर्णय यंत्रच घेतं.

पण लॅपटॉपला कळतं कसं?

लॅपटॉपला डोळे नसतात, पण त्याच्या पोटात काही छोटे सेन्सर असतात. आपण कोणत्या अवस्थेत आहोत, याचा अंदाज तो त्यांच्यावरून बांधतो.

पहिला प्रकार म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर. मोबाईल आडवा केला की व्हिडिओ आडवा होतो, तो याच सेन्सरमुळे. गुरुत्वाकर्षण कोणत्या दिशेने ओढतंय हे त्याला कळतं. काही लॅपटॉपमध्ये असा एक सेन्सर स्क्रीनमध्ये आणि दुसरा कीबोर्डच्या भागात असतो. दोघांच्या दिशांमधला फरक काढला की स्क्रीन किती अंशात उघडली आहे ते समजतं. कोन साधारण १८० अंशांच्या बराच पुढे गेला, म्हणजे स्क्रीन मागे वळवली आहे, म्हणजेच हा आता टॅबलेट आहे, असा हिशोब.

या हिशोबात एक अडचण आहे. लॅपटॉप पुस्तकासारखा उभा धरला, म्हणजे बिजागरी वरून खाली अशी सरळ उभी झाली, की स्क्रीन कितीही उघडझाप केली तरी दोन्ही सेन्सरना गुरुत्वाकर्षण एकाच दिशेने जाणवतं. मग कोन काढायचा कसा? लॅपटॉप उचलून, तिरका करून कुणाला दाखवताना सेन्सरचा गोंधळ उडण्याची शक्यता वाढते, ती यामुळेच.

दुसरा प्रकार म्हणजे हॉल सेन्सर. चुंबक जवळ आला की वीजप्रवाह असलेल्या धातूच्या पट्टीत आडवा विद्युतदाब तयार होतो, हे एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधून काढलं. त्याच तत्त्वावर हा सेन्सर चालतो. लॅपटॉपच्या एका भागात छोटा चुंबक आणि दुसऱ्या भागात हा सेन्सर असतो. झाकण मिटलं की चुंबक जवळ येतो आणि लॅपटॉप झोपी जातो. काही मॉडेलमध्ये स्क्रीन पूर्ण मागे वळवली की दुसऱ्या बाजूने चुंबक जवळ येतो आणि टॅबलेट मोड सुरू होतो.

अडचण अशी की सेन्सरला फक्त चुंबक कळतो. तो लॅपटॉपचा स्वतःचा आहे की मोबाईलच्या फ्लिप कव्हरचा, हे त्याला कळत नाही. छोटा स्पीकर, मनगटावरचं चुंबकी पट्ट्याचं घड्याळ, किंवा खाली ठेवलेला दुसरा लॅपटॉप, यातल्या कशानेही त्याची फसगत होऊ शकते. एकावर एक लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्यांना कीबोर्ड अचानक बंद पडल्याचा अनुभव येतो, तो त्यामुळेच.

तिसरा प्रकार म्हणजे सुट्या कीबोर्डच्या लॅपटॉपमधली जोडणी. तिथे धातूचे छोटे ठिपके एकमेकांना टेकलेले असतात. मध्ये धूळ बसली किंवा जोड सैल झाला की यंत्राला वाटतं, कीबोर्ड काढून घेतला.

सगळ्यात महत्त्वाचं: या दोन वेगळ्या गोष्टी आहेत!

बहुतेकांची फसगत इथेच होते. ‘टॅबलेट मोड’ या एका नावाखाली दोन वेगळे बिघाड येतात, आणि दोघांवरचा उपाय वेगळा आहे.

एक, विंडोजचा मोड. यात स्क्रीनवरचं रूप बदलतं, पण कीबोर्ड आणि टचपॅड चालू असतात. हा सेटिंगचा प्रश्न आहे. घरबसल्या, पाच मिनिटांत, फुकट सुटतो.

दोन, यंत्राने घातलेलं कुलूप. स्क्रीन मागे वळवल्यावर कीबोर्ड खालच्या बाजूला जातो आणि हाताने चुकून बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून लॅपटॉप स्वतःच कीबोर्ड आणि टचपॅड बंद करतो. सेन्सरची फसगत झाली की लॅपटॉप समोर सरळ उघडलेला असतानाही हे कुलूप लागतं. विंडोजमधली टॅबलेट मोडची सेटिंग कितीही बदलली, तरी हे कुलूप उघडत नाही.

म्हणून सर्वात आधी एवढंच तपासा: कीबोर्ड चालतोय की नाही? चालत असेल तर पुढचा सेटिंगचा भाग तुमच्यासाठी आहे. चालत नसेल तर त्यानंतरचा कीबोर्डचा.

विंडोज १० असेल तर…

आधी तातडीचा उपाय. विंडोजचं बटण आणि ‘ए’ एकत्र दाबा. उजवीकडे नोटिफिकेशनची पट्टी उघडेल. तिच्या तळाशी ‘टॅबलेट मोड’ असं लिहिलेला चौकोन असतो. तो रंगीत दिसत असेल तर मोड सुरू आहे. त्यावर एक क्लिक केलं की नेहमीचा डेस्कटॉप हजर!

टच स्क्रीन नसलेल्या साध्या कॉम्प्युटरवरही विंडोज १० मध्ये हा चौकोन असतो. साधा कॉम्प्युटर स्वतःहून टॅबलेट मोडमध्ये जात नाही. तिथे बहुतेक वेळा नोटिफिकेशन बघताना कुणाचं तरी चुकून क्लिक झालेलं असतं. घरात लहान मुलं माऊस हाताळत असतील तर कारण शोधायला फार लांब जायला नको!

आता कायमचा उपाय:

१. विंडोजचं बटण आणि ‘आय’ दाबून ‘सेटिंग्ज’ उघडा.

२. ‘सिस्टम’मध्ये जा. डावीकडच्या यादीत ‘टॅबलेट मोड’ किंवा नुसतं ‘टॅबलेट’ असं नाव दिसेल.

३. पहिला प्रश्न साइन-इन करताना काय व्हावं याचा आहे. जुन्या आवृत्तीत ‘यूज डेस्कटॉप मोड’ निवडा. नव्या आवृत्तीत ‘नेव्हर यूज टॅबलेट मोड’ निवडा.

४. दुसरा प्रश्न लॅपटॉपने आपोआप मोड बदलावा का, हा आहे. जुन्या आवृत्तीत ‘डोन्ट आस्क मी अँड डोन्ट स्विच’, म्हणजे ‘विचारूही नको, बदलूही नको’. नव्या आवृत्तीत ‘डोन्ट स्विच टू टॅबलेट मोड’.

बस्स! सेव्ह करायचं वेगळं बटण नसतं. निवड केली की ती लगेच लागू होते.

कधीतरी टॅबलेटसारखाही वापर करत असाल तर ‘आस्क मी’ असलेला पर्याय ठेवा. मग बदल करण्याआधी लॅपटॉप तुमची परवानगी घेईल.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. पण ही सेटिंग आजही तिथेच आहे आणि तशीच चालते.

विंडोज ११ असेल तर…

इथे ‘टॅबलेट मोड’ नावाचा चौकोन शोधत बसू नका, तो नाहीच. जुने व्हिडिओ पाहून अनेक जण विंडोज ११ मध्ये तो शोधतात आणि आपलंच विंडोज ‘डुप्लिकेट’ असल्याचा निष्कर्ष काढतात!

विंडोज ११ मध्ये स्क्रीन वळवली किंवा कीबोर्ड सुटा केला की डेस्कटॉप जागेवरच राहतो. फक्त आयकॉनमधलं अंतर वाढतं आणि खालची पट्टी बोटाला सोयीची होते, कधी आक्रसून जवळपास दिसेनाशी होते. ती नको असेल तर:

१. खालच्या पट्टीवर मोकळ्या जागी राइट क्लिक करून ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडा.

२. ‘टास्कबार बिहेव्हियर्स’ हा भाग उघडा.

३. तिथे ‘ऑप्टिमाइझ टास्कबार फॉर टच इंटरॅक्शन्स’ अशी सुरुवात असलेली ओळ दिसेल. तिच्यापुढची खूण काढा.

ही ओळ तुमच्याकडे दिसतच नसेल तर घाबरू नका. टॅबलेटसारखा वापरता न येणाऱ्या लॅपटॉपमध्ये ती नसते.

टाइप करायला गेलं की स्क्रीनवर मोठा कीबोर्ड उगवतो आणि अर्धा अर्ज झाकून टाकतो, हीही नेहमीची तक्रार. त्यासाठी ‘सेटिंग्ज’मधल्या ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये ‘टायपिंग’ उघडा, ‘टच कीबोर्ड’मध्ये जा आणि तो दाखवण्याच्या पर्यायात ‘नेव्हर’ निवडा.

कीबोर्डच बंद पडला असेल तर…

रांग लागलेली आहे आणि मुदत संपत आलीये, अशा वेळी सगळ्यात जलद उपाय म्हणजे यूएसबीचा साधा कीबोर्ड आणि माऊस लावणं. लॅपटॉपने कुलूप घातलेलं असतं ते स्वतःच्या अंगच्या कीबोर्डला. बाहेरून लावलेला कीबोर्ड सहसा बिनबोभाट चालतो. शेजारच्या दुकानातून तासाभरासाठी मागून आणला तरी दिवस निभावतो.

हातात थोडा वेळ असेल तेव्हा हे क्रमाने करून पाहा:

चुंबक दूर करा. लॅपटॉपवर किंवा शेजारी ठेवलेला मोबाईल, फ्लिप कव्हर, स्पीकर, चुंबकी घड्याळ बाजूला करा. खाली दुसरा लॅपटॉप किंवा लोखंडी कपाट, पेटी असेल तर लॅपटॉप साध्या लाकडी टेबलावर ठेवा.

स्क्रीन पूर्ण फिरवा. ३६० अंशात वळणारा लॅपटॉप असेल तर स्क्रीन सावकाश पूर्ण मागे न्या आणि तशीच सावकाश परत नेहमीच्या जागी आणा. दोन-तीनदा केलं की अडकलेला सेन्सर बरेचदा ताळ्यावर येतो. ज्याची स्क्रीन मुळात मागे वळत नाही, त्या लॅपटॉपवर हा प्रयोग अजिबात करू नका. बिजागरी तुटेल!

‘शट डाऊन’ नको, ‘रीस्टार्ट’ करा. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. ती सुरू असेल तर ‘शट डाऊन’ केल्यावर यंत्र पूर्ण बंद होत नाही. त्याची काही स्थिती जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उघडते. त्यामुळे चुकीची अवस्थाही कायम राहू शकते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर विंडोज खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतं.

जोडणी पुसून घ्या. कीबोर्ड सुटा होणारा असेल तर लॅपटॉप बंद करा, कीबोर्ड काढा, दोन्हीकडचे धातूचे ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि पुन्हा नीट बसवा. पाणी, सॅनिटायझर, ओलं फडकं काही वापरू नका.

ड्रायव्हर अद्ययावत करा. तरीही तक्रार परत परत येत असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर तुमचं मॉडेल निवडून सेन्सर, चिपसेट आणि बायोसचे नवे अपडेट घ्या. बायोस अपडेट करताना मात्र चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही भरलेली हवी. मध्येच वीज गेली आणि लॅपटॉप बंद पडला तर तो पुन्हा सुरूच न होण्याचा धोका असतो. लोडशेडिंगच्या वेळेत हे काम अजिबात नको.

सगळं करूनही फरक नाही, तर सेन्सरच खराब झालेला असू शकतो. तेव्हा जाणकार तंत्रज्ञाकडे जा. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’खाली ‘जीपीआयओ लॅपटॉप ऑर स्लेट इंडिकेटर ड्रायव्हर’ नावाची नोंद अनेक दुहेरी लॅपटॉपमध्ये असते. लॅपटॉप आहे की टॅबलेट, हा निरोप विंडोजपर्यंत पोहोचवण्याचं काम तिचं. ती ‘डिसेबल’ केली की बऱ्याचदा निरोप पोहोचणंच थांबतं. हा बदल माहितगार माणसाकडूनच करून घ्या, आणि काय बदललं ते कागदावर लिहून ठेवा.

हे टॅबलेट मोडसारखं दिसतं, पण तो टॅबलेट मोड नसतो!

फक्त ब्राउझरच पूर्ण स्क्रीनवर गेला असेल तर कीबोर्डवरचं ‘एफ ११’ दाबा. तो ब्राउझरचा फुल स्क्रीन मोड असतो, दुसरं काही नाही.

फक्त डेस्कटॉपवरचे आयकॉन गेले असतील तर मोकळ्या जागी राइट क्लिक करा, ‘व्ह्यू’मध्ये जा आणि ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’वर खूण करा.

विंडोज १० मध्ये फक्त स्टार्ट मेन्यूच स्क्रीनभर पसरत असेल तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘पर्सनलायझेशन’मध्ये ‘स्टार्ट’ उघडा आणि ‘यूज स्टार्ट फुल स्क्रीन’ बंद करा.

स्क्रीन उलटी किंवा आडवी झाली असेल तर ‘सिस्टम’मधल्या ‘डिस्प्ले’मध्ये ‘ओरिएंटेशन’ हे ‘लँडस्केप’ करा. वळणारा लॅपटॉप असेल तर तिथेच ‘रोटेशन लॉक’ही दिसेल. या लॉकवरून एक गुपितही कळतं. लॅपटॉप सरळ उघडा असताना अनेक मॉडेलमध्ये हे बटण फिकं असतं, दाबता येत नाही. लॅपटॉप समोर सरळ ठेवलेला आहे आणि तरी हे बटण दाबता येतंय, तर समजा, तो अजून स्वतःला टॅबलेटच समजतोय!

फॉरमॅट मारायची घाई का करू नये?

‘एकदा फॉरमॅट मारला की सगळं ठीक होतं’ हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. पण इथे तो उलटा पडतो.

प्रश्न सेटिंगचा असेल तर फॉरमॅटने काय होईल? विंडोज नव्याने बसेल आणि सेटिंग पुन्हा मूळ अवस्थेत येईल. म्हणजेच, आपोआप बदलण्याच्या अवस्थेत! चार दिवसांनी तोच खेळ पुन्हा सुरू. आणि प्रश्न चुंबकाचा किंवा सेन्सरचा असेल तर फॉरमॅटचा त्याच्याशी काही संबंधच नाही.

नुकसान मात्र खरं असतं. ‘डेस्कटॉप’ आणि ‘डाऊनलोड्स’ या फोल्डरमधल्या फाईली साधारणपणे सी ड्राईव्हवरच असतात. बॅकअप न घेता फॉरमॅट केला की त्या गेल्या. सेवा केंद्र किंवा झेरॉक्सचं दुकान असेल तर प्रिंटर, स्कॅनर, अंगठा घेण्याचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, मराठी फॉन्ट हे सगळं नव्याने बसवावं लागतं. जवळच्या गावात अर्धा दिवस आणि तालुक्याच्या गावी पूर्ण दिवस जातो. त्या दिवसात ज्यांचे अर्ज राहिले, त्यांचं काय?

तसाच दुसरा मोह म्हणजे ‘रजिस्ट्री’ बदलायला सांगणारे व्हिडिओ. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची मूळ नोंदवही. तिथे एक आकडा चुकला तरी विंडोज सुरू होताना अडखळू शकतं. वर सांगितलेल्या सेटिंग्जने काम होत असेल तर तिथे हात घालण्याची गरज नाही.

नवा लॅपटॉप घेताना…

दुकानात स्क्रीन गोल फिरवून दाखवली की लॅपटॉप भारी वाटतो. पण स्वतःला एक प्रश्न विचारा: ही स्क्रीन आपण खरंच कधी वळवणार आहोत का?

चित्रं काढणाऱ्याला, स्क्रीनवर लिहून शिकवणाऱ्या शिक्षकाला, प्रवासात वाचन करणाऱ्याला दुहेरी लॅपटॉप नक्कीच उपयोगी आहे. पण दिवसभर अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्राला किंवा मराठी ३० आणि ४० शब्दांच्या टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला पक्का कीबोर्ड हवा असतो. तिथे साधा, न वळणारा लॅपटॉप किंवा डेस्कटॉप जास्त भरवशाचा. जो सेन्सर नाही, तो फसतही नाही!

आणि घरात आधीच दुहेरी लॅपटॉप असेल तर? काम नसलेल्या एखाद्या संध्याकाळी बसा आणि वरची सेटिंग एकदा बदलून ठेवा. एक यूएसबी कीबोर्ड खणात टाकून ठेवा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दारात माणसं उभी असताना हे शोधत बसण्यापेक्षा ते कधीही बरं.

पुढच्या वेळी कुणाचा लॅपटॉप असा अचानक रूप बदलेल, तेव्हा “व्हायरस आलाय” म्हणण्याआधी त्याला एवढंच विचारा: “कीबोर्ड चालतोय का? आणि लॅपटॉपजवळ मोबाईल तर ठेवला नाहीस ना?”

अर्धी लढाई तिथेच जिंकलेली असते.